चव नावाचा रकाना

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पहिल्या मजल्यावर, जुन्या नियतकालिकांच्या दालनाला लागून, एक लहान खोली आहे. पूर्वी तिथे पुस्तकबांधणीचं काम चालायचं. दमट हवेत अजूनही खळीचा वास येतो. आता तिथे दोन संगणक आहेत आणि दारावर ‘संशोधन विदा सेवा’ अशी पाटी आहे. विदा म्हणजे डेटा हे प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं, म्हणून आम्हीही डेटाच म्हणतो.

काम सांगायला सोपं आहे. प्राध्यापक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी वर्षानुवर्षं मोजमापं करतात, मुलाखती घेतात, नमुने गोळा करतात. प्रबंध छापून झाला की हे सगळं त्यांच्या घरच्या संगणकात पडून राहतं. संगणक बिघडतो, माणूस निवृत्त होतो, आणि पुढच्याला तेच काम पहिल्यापासून करावं लागतं. तसं होऊ नये म्हणून आम्ही तो डेटा मागून घेतो, नीट लावतो, त्याचं वर्णन लिहून घेतो आणि ग्रंथालयाच्या भांडारात ठेवतो. करायला मात्र हे काम सोपं नाही. एक प्राध्यापक मला म्हणाले होते, “पुस्तक मागा, देतो. डेटा मागणं म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात शिरणं झालं.” दुसऱ्या एकांच्या सीडी आम्ही त्यांच्या पेरूच्या झाडावरून उतरवून आणल्या. घरच्यांनी त्या पक्षी हाकलायला टांगल्या होत्या. दोन चालल्या, बाकीच्या उन्हाने गेल्या.

आमच्या घरातही ही सेवा चालली नव्हती. माझी पत्नी वसईतल्या एका कॉलेजात भूगोल शिकवायची. दर उन्हाळ्यात, विहिरी तळाला गेल्या की, ती गिरीज, गास आणि आसपासच्या वाड्यांमधल्या ठरावीक विहिरींचं पाणी तपासायची. समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून बागांच्या विहिरींपर्यंत किती आलं आहे, हा तिचा विषय होता. बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवायच्या टेबलाचं एक टोक उन्हाळाभर तिच्या बाटल्यांनी भरलेलं असायचं.

“लोकांच्या दारात जाऊन डेटा मागतोस,” ती म्हणायची, “घरातल्या बाईला कधी फॉर्म दिलास का?”

मी फॉर्म दिला की म्हणायची, “आत्ता नको. अजून दोन उन्हाळे होऊ देत.”

त्यातला एकच झाला. त्या उन्हाळ्याच्या आधी तिचे उपचार सुरू झाले होते. डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलं होतं, म्हणून ती सकाळी लवकर, डोक्याला स्कार्फ बांधून, रिक्षा ठरवून जायची. ठरलेल्या सगळ्या विहिरी तिने त्या वर्षीही केल्या. दिवाळीनंतर ती परत दवाखान्यात गेली ती घरी आली नाही. शेवटच्या आठवड्यात एकदा मला जवळ बोलावून म्हणाली, “माझ्या विहिरी तेवढ्या जमा कर. आणि नीट कर. इतरांना लावतोस तीच चाळणी लाव. नवऱ्याने बायकोचं म्हणून घेतलं, असं कुणी म्हणायला नको.”

मी हो म्हणालो. त्या शब्दाखेरीज मी तिला दुसरं काही देऊ शकेन असं राहिलं नव्हतं.

तिच्या कामाची एक गोष्ट इथे सांगायला हवी. विहिरीतले क्षार ती एका मीटरने मोजायची. जाड पेनासारखं यंत्र, पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. पण त्या आकड्याशेजारी तिने आणखी एक रकाना ठेवला होता, त्याचं नाव ‘चव’. एक म्हणजे गोड, दोन म्हणजे मचूळ, तीन म्हणजे खारट. वाडीतली माणसं पाण्याबद्दल याच तीन शब्दांत बोलतात, आणि तिला त्यांचे शब्द व मीटरचे आकडे शेजारी ठेवून बघायचे होते. बागायतदाराकडे मीटर नसतो. जिभेला पाणी कधी बदललेलं कळतं आणि तोवर किती उशीर झालेला असतो, हे तिला शोधायचं होतं. ती देशावरच्या कोरड्या गावातली. तिथे पाणी आलं का एवढंच विचारत, कसं आहे हे कुणी विचारत नसे. वसईत येऊन पाण्याच्या चवीबद्दल बोलणारी माणसं भेटली याचं तिला फार अप्रूप होतं.

चव ती स्वतःच घ्यायची. प्रत्येक घरी वेगळ्या माणसाला विचारलं तर एकाचं मचूळ ते दुसऱ्याचं गोड होणार, म्हणून सगळ्या विहिरींना जीभ एकच हवी, हा तिचा नियम. आधी घरून नेलेल्या पाण्याने चूळ भरायची, मग घोट घ्यायची. चव आणि मीटर जुळवून बघायचं काम ती सगळा उन्हाळा संपल्यावरच करायची. गिरीजच्या एका वाडीतल्या मावशी, ज्यांच्या विहिरीपासून ती दर वर्षी सुरुवात करायची, तिला यावरून चिडवायच्या. “आमच्या पाण्याआधी चूळ भरते, आता पाण्याला ओवाळते की काय?” हे तिनेच मला घरी येऊन हसत सांगितलं होतं.

ती गेल्यानंतर काही महिन्यांनी मी तिची फाइल ग्रंथालयात नेली. माझ्याच हाताने तपासणं बरोबर नव्हतं, म्हणून ती माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीकडे दिली. आमच्या खोलीत आम्ही दोघंच. ती आधी एका कंपनीत हेच काम करायची. आकड्यांत काही खटकलं तर तिला लगेच दिसतं. तिने फाइल दोन दिवस ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.

“सर, मॅडमचं काम एकदम क्लीन आहे,” ती म्हणाली. “खरंच. एवढं व्यवस्थित आपल्याकडे कुणीच देत नाही.”

“पण?”

“पण शेवटचं वर्ष बघा ना. चवीचा कॉलम. सगळीकडे एक.”

मी पाहिलं. आधीच्या उन्हाळ्यांत एक, दोन, तीन मिसळलेले होते आणि मीटरच्या आकड्यांबरोबर वरखाली होत होते. शेवटच्या उन्हाळ्यात मीटरचे आकडे आजवरचे सर्वांत मोठे होते, आणि चवीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक. गोड, गोड, गोड.

“दोन्ही बरोबर असू शकत नाहीत,” ती म्हणाली. “मीटर तरी बिघडला असेल, नाहीतर... इतकं एकसारखं खरं नसतं, सर.”

मीटर बिघडला असावा असंच मला वाटलं. खरं सांगायचं तर तसं असावं अशी माझी इच्छा होती. त्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ मला आठवत होती. उपचार सुरू झाल्यापासून तिला काहीही खाल्लं तरी लोखंड चाटल्यासारखं लागायचं. वरणभात, फळं, आमच्या नळाचं पाणी, सगळं सारखंच. पाण्यात लिंबू पिळून ती कसंबसं प्यायची. एके दिवशी गिरीजहून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, “आज मावशीकडे तांब्याभर पाणी प्यायले. गोड लागलं रे.” त्या सगळ्या महिन्यांत तिच्या तोंडून एखाद्या चवीचं कौतुक मी तेवढं एकदाच ऐकलं. रकान्यातले ते एक म्हणजे माझ्या लेखी तिचे बरे दिवस होते. ते चुकीचे ठरू नयेत असं मला वाटत होतं.

मीटर घरी तिच्या पिशवीतच होता. यंत्र बरोबर दाखवतं की नाही हे पडताळायला ठरावीक क्षाराच्या द्रावणाच्या पुड्या मिळतात, त्यातल्या काही उरल्या होत्या. माहितीपत्रक वाचून मी एक पुडी पेल्यात ओतली आणि मीटर बुडवला. पुडीवर छापलेला आकडाच पडद्यावर आला. दुसरी फोडली. तेच.

तरीही मनात होतं की आज चालतो म्हणजे तेव्हाही चालत होताच असं नाही. रविवारी मी गिरीजला गेलो.

मावशींची वाडी रस्त्यापासून आत आहे. केळी, नारळ, मध्ये अळू आणि भाजीचे वाफे. मी गेलो तेव्हा मावशी आणि त्यांची सून ओट्यावर बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी भाजीच्या जुड्या बांधत होत्या. आपसांत त्या त्यांच्या घरच्या बोलीत बोलतात, ती मला निम्मीच कळते. माझ्याशी बोलताना शाळेतली मराठी काढतात. मी दशक्रियेनंतर पहिल्यांदाच त्यांच्याकडे जात होतो. मावशींनी हातातली जुडी खाली ठेवली.

“या जावईबुवा,” त्या म्हणाल्या. माझ्या पत्नीला त्या बाय, म्हणजे मुलगी, म्हणायच्या, म्हणून मी जावई. “एकटे आलात.” मग आपणच बोललेलं आपल्यालाच टोचल्यासारखं तोंड फिरवून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. जरा वेळाने म्हणाल्या, “तुमच्यात चालतं की नाय मला ठाऊक नाय. पण मी आमच्या देवळात, चर्चमध्ये, बायसाठी मिस्सा सांगितली होती. फादरनी नाव घेतलं तिचं.”

मी म्हटलं, “चालतं, मावशी.”

मी आधी विहिरीचं पाणी मागितलं. सुनेने पोहरा सोडून तांब्या भरून दिला. मी घोट घेतला. जिभेच्या कडांना ते लगेच कळलं. मचूळही म्हणता येणार नाही इतकं खारं.

“आता खारट झालंय,” मी म्हणालो. “पण गेल्या उन्हाळ्यात गोड होतं ना?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मावशींनी परत जुडी हातात घेतली.

“कोण म्हणतं?”

“तिने तसं लिहिलंय.”

“मग लिहिलं ते लिहिलं,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही चहा घ्या.”

“आई, आता तरी सांगा,” सून म्हणाली.

“तू गप.”

“मी तेव्हाच म्हटलं होतं. तुम्ही डोळे वटारलेत म्हणून बसले गप.” सून माझ्याकडे वळली. “गेल्या उन्हाळ्यात पण असंच होतं, सर. त्याच्या आधीच्या वर्षापासून बिघडायला लागलेलं. आम्ही प्यायला नळाचं घेतो, हे नुसतं झाडांना. टीचरनी चूळ भरली, घोट घेतला आणि म्हणाल्या, मावशी, यंदा तुमच्या पाण्याला काय चव आलीय! आणि सगळा तांब्या प्यायल्या. मी म्हणणार होते, टीचर, अहो खारं आहे, पोटात दुखेल. तर आईंनी असे डोळे केले!”

“मग काय करायचं होतं?” मावशींचा आवाज चढला. “पोर डोक्याला फडकं बांधून आलेली. केस गेलेले. गालफडं बसलेली. तिला पाणी गोड लागलं, ती हसली. मी सांगू तिला, बाय, तुझी जीभ गेली? तू सांगितलं असतंस?”

सून चहा बघायला उठली.

“सगळ्यांनी तेच केलं,” मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “पुढच्या वाडीत गेली, तिथे पण गोड म्हणाली. रविवारी देवळात भेटलो तेव्हा एकेकीने सांगितलं. तिकडे गासला माझी बहीण दिलीय, तिच्याकडे पण तसंच. कुणी नाय म्हटलं नाय. आम्हाला वाटलं, खारं ते तिच्या त्या मशीनवर लिहिलेलं असतंच.”

“असतं,” मी म्हणालो.

“मग झालं तर. मशीनला कळलं ना?”

चहा आला. तो नळाच्या पाण्याचा होता, हे सुनेने मुद्दाम सांगितलं. मग मी त्यांना माझी अडचण सांगितली. हे सगळं आता ग्रंथालयात जाणार, कुणीही कुठूनही ते वाचणार, त्यावरून समुद्र किती आत आला याचा हिशेब करणार. गोड हे तसंच राहिलं तर ते फसतील. खरं काय झालं ते सोबत लिहावं लागेल. तुमचं किंवा वाडीचं नाव येणार नाही, पण घडलं ते येईल. चालेल का?

मावशींनी बराच विचार केला.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “पण असं लिहू नका की आम्ही तिला फसवलं. ती म्हणाली, आम्ही हो म्हटलं. एवढंच.”

परतताना बोळिंजच्या रिक्षात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात घोळवत होतो. ज्या तोंडाला सगळं लोखंड लागतं, त्या तोंडाला मिठाचं पाणी खरोखरच गोड लागलं असेल. दोन्ही रकाने जुळवून बघायचं त्या वर्षी राहूनच गेलं होतं. तिने खोटं लिहिलं नव्हतं. तिच्या जिभेवर जे आलं तेच लिहिलं होतं. फक्त ते आता विहिरीबद्दल काही सांगत नव्हतं.

सोमवारी मी हे सहकारी मुलीला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “सर, सोपं करू या. शेवटच्या वर्षीचा चवीचा कॉलम काढून टाकते. मीटर आहेच. कुणाला कळणार पण नाही.”

“इतर कुणाचा असता तर काढला असतास?”

तिने नाही अशी मान हलवली. नियम तिलाही माझ्याइतकाच माहीत होता. नोंद पुसायची नाही. ती आहे तशी ठेवायची, शेजारी खूण करायची आणि खुणेचं कारण लिहायचं.

आमचा फॉर्म बाहेरच्या देशातल्या एका नमुन्यावरून केलेला आहे. त्यात प्रत्येक रकान्यासाठी काही जागा भरल्याखेरीज पुढे जाता येत नाही. मोजमापाचं उपकरण कोणतं. उपकरणाची शेवटची तपासणी कधी. उपकरणात बिघाड असल्यास त्याचं स्वरूप. मासे मोजणाऱ्यांपासून भूकंप मोजणाऱ्यांपर्यंत सगळ्यांकडून मी ते भरून घेतलं आहे, आणि त्या प्रश्नांवरून वैतागलेल्यांची समजूतही घातली आहे. चवीच्या रकान्यापुढे मी ‘जीभ, निरीक्षक एकच’ असं लिहिलं. तपासणीच्या जागी, दर वेळी आधी साध्या पाण्याची चूळ, असं लिहिलं. बिघाडाच्या जागेशी येऊन थांबलो.

“नुसतं लिहा, निरीक्षकाच्या प्रकृतीमुळे,” मुलगी हळूच म्हणाली. “पुरे आहे, सर. घरातलं इतकं कशाला सांगायचं लोकांना?”

तिचा चेहरा मला ओट्यावरच्या मावशींसारखा दिसला. मला दुखू नये म्हणून तीही थोडं कमी सांगायला तयार होती. पण प्रकृतीमुळे म्हणजे काय? ताप होता की पडसं? एक दिवस की सगळा उन्हाळा? वाचणाऱ्याला यातलं काहीच कळलं नसतं. प्रत्येकाने आपापल्या परीने अंदाज केला असता आणि कुणीतरी त्यातल्या चार नोंदी बऱ्या म्हणून ठेवल्या असत्या.

मी लिहिलं. त्या उन्हाळ्याआधी निरीक्षकावर कर्करोगाचे उपचार सुरू झाले होते. त्या औषधांनी चव बदलते. निरीक्षकाला या काळात खारं पाणी गोड लागत होतं आणि हे निरीक्षकाच्या लक्षात आलं नव्हतं. विहिरींच्या मालकांना पाणी खारट असल्याचं माहीत होतं, त्यांनी निरीक्षकाच्या मताला विरोध केला नाही. या उन्हाळ्यातल्या चवीच्या सर्व नोंदी पाण्याच्या परीक्षणासाठी वापरू नयेत. मीटरचे आकडे वापरण्याजोगे आहेत. निरीक्षक आता हयात नाही.

शेवटचं वाक्य लिहायची तशी गरज होती. निरीक्षकाशी संपर्क कसा साधावा, हाही फॉर्ममधला एक प्रश्न होता.

मुलीने सगळं वाचलं. एके ठिकाणी स्वल्पविराम घातला. मग म्हणाली, “करू का?” आणि मी हो म्हटल्यावर बटण दाबलं. फाइल भांडारात गेली. दुपारी वीज गेली म्हणून आम्ही लवकर निघालो.

पुढे बरेच दिवस ती कुणी उघडली नाही. आमच्याकडच्या बहुतेक गोष्टी कुणी उघडत नाही. मग एक दिवस दक्षिण कोकणातल्या एका विद्यार्थिनीची ईमेल आली. ती तिच्याकडच्या किनाऱ्यावरच्या विहिरींवर काम करत होती आणि तिला तुलनेसाठी दुसरा किनारा हवा होता. तिने लिहिलं होतं, ‘तुमच्या टिपेप्रमाणे मी शेवटच्या उन्हाळ्यातला चवीचा रकाना पूर्ण वगळला आहे. आधीच्या सगळ्या उन्हाळ्यांत जीभ आणि मीटर फार छान जुळतात, म्हणून ते मी माझ्या मांडणीचा पाया म्हणून धरते आहे. असं केलेलं चालेल ना? मॅडमना भेटता आलं असतं तर बरं झालं असतं.’

मी ते वाचलं. त्या विद्यार्थिनीच्या कागदावर माझ्या पत्नीचे आधीचे सगळे उन्हाळे होते, आणि शेवटच्या उन्हाळ्यात तिने घेतलेले ते गोड घोट तेवढे नव्हते. माझी सहकारी शेजारून बघत होती.

मी उत्तर लिहिलं. ‘ते वगळलंत हे बरोबर केलंत. मीटरचे आकडे मात्र शेवटच्या उन्हाळ्याचेही घ्या, ते तिने फार काळजीने घेतलेले आहेत. काही अडलं तर मला विचारा.’ खाली माझं नाव आणि हुद्दा घातला, नातं घातलं नाही, आणि ईमेल पाठवली.